चहा पिऊन या म्हणणाऱ्या स्क्रिप्टबद्दल

पुणे,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बापू,

‘ही स्क्रिप्ट दुकानातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर चालवू का’ असा तुझा मेसेज आणि पाठोपाठ त्या यूट्यूबवाल्याच्या स्क्रिप्टची लिंक परवा मिळाली. उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं, की म्हटलं सरळ पत्रच लिहावं. हॉस्टेल सुटल्यापासून आपण एकमेकांना पत्र लिहिलेलं नाही, हेही त्यानिमित्ताने लक्षात आलं.

आधी उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुढचं दुकानाच्या गडबडीत वाचायचं राहिलं तरी चालेल. ती स्क्रिप्ट, म्हणजे एकापाठोपाठ आपोआप चालणाऱ्या आज्ञांची ती फाइल, दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालवू नकोस. मी काल तुझ्यासाठी ती चालवून पाहिली, खोट्या कॉम्प्युटरवर. त्याची हकिकत पुढे येतेच.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तुझे तिन्ही डबे ११ साठी नापास झाले आणि तू ते भंगारात न घालता त्यांच्यावर मिंट हे फुकटचं लिनक्स टाकलंस, हे झकास केलंस. पण मिंट टाकून झाल्यावर लगेच तुला घाई सुटली. लग्नाचे व्हिडिओ चालले पाहिजेत, गिऱ्हाइकाच्या वर्ड फाइलीतले फॉन्ट दिसले पाहिजेत, मराठी टाइप झालं पाहिजे, क्रोम पाहिजे. तो यूट्यूबवाला म्हणतो, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ही एक ओळ टाका, पासवर्ड द्या आणि चहा पिऊन या. मला त्या चहाचीच भीती वाटते.

तुला २००७ आठवतंय का? शिपइट या उबुंटूच्याच सेवेकडून फुकट मागवलेल्या उबुंटूच्या (मिंट ज्याच्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या) सीड्या पोस्टाने यायच्या आणि त्यातल्या जास्तीच्या दोन तू दाराला तोरणासारख्या टांगल्या होत्यास. उबुंटू बसलं की पहिला धक्का हा, की एमपी३ वाजत नाही. पेटंटं असल्यामुळे ती गोष्ट सीडीत घालायची सोय नव्हती. (एमपी३ची ती भानगड मिटायला २०१७ उजाडलं.) डीव्हीडीची तीच रड, फ्लॅशची तीच. मग रात्री दोनचा गजर लावून उठायचं, कारण दोन ते आठ ब्रॉडबँड फुकट, आणि जे हाती लागेल ते डाउनलोड करायचं.

त्या उन्हाळ्यात आपण तसलाच एक ‘सगळं एका क्लिकमध्ये’वाला इन्स्टॉलर चालवला होता. नाव मुद्दाम घेत नाही. गाजलेला ऑटोमॅटिक्स नव्हता तो, त्याच पठडीतला दुसरा होता. सकाळी सहाला गाणं वाजलं तेव्हा तू मला चहा पाजला होतास. पाच महिने आपण त्या माणसाचे गुण गायलो. ऑक्टोबरात उबुंटूची ७.१० ही नवी आवृत्ती आली, मी अपग्रेड केलं आणि स्क्रीन काळी ठिक्कर. नुसतं पांढरं कर्सर लुकलुकत होतं. प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायला तीन दिवस उरले होते आणि तू माझ्याशी बोलत नव्हतास.

काय झालं होतं ते मला फार उशिरा कळलं. तुझ्या उधारीच्या वहीसारखी लिनक्सचीही एक वही असते. कुठलं पॅकेज (बसवायच्या प्रोग्रामचा गठ्ठा) आलं, कुठली फाइल कुणाची, कोण कुणावर अवलंबून, सगळं डीपीकेजी हा पॅकेजं बसवणारा प्रोग्राम त्यात लिहून ठेवतो. त्या इन्स्टॉलरने ग्राफिक्सचा ड्रायव्हर वहीत न लिहिता परस्पर बसवला होता. वर एक्सच्या, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगच्या फाइलीत हात घालून स्वतःच्या चार ओळी टाकल्या होत्या. अपग्रेडबरोबर नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला, ड्रायव्हर मात्र जुन्या कर्नलसाठी बांधलेला. अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामचा यात काय दोष? त्याच्या वहीत त्या ड्रायव्हरचं नावच नव्हतं.

म्हणून मी असला इन्स्टॉलर कसा निघाला हे पहिल्या दिवशी ठरवत नाही. पहिल्या दिवशी सगळेच गोड असतात. पुढचं अपग्रेड करून पाहायचं आणि मग बोलायचं.

ऑटोमॅटिक्सचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. आपल्या घोळाशी त्याचा संबंध नाही, पण तो किस्सा या सगळ्या जातीला लागू आहे. त्या काळी उबुंटूवाल्यांच्या घराघरात ते होतं. खिडकीत यादी यायची, टिचक्या मारायच्या, कोडेक (गाणी-व्हिडिओ उलगडणारे प्रोग्राम), फ्लॅश, स्काइप सगळं बसायचं. २००७च्या ऑगस्टमध्ये उबुंटूच्या टेक्निकल बोर्डावरच्या मॅथ्यू गॅरेट यांनी त्याचा कोड बसून वाचला आणि सविस्तर अहवाल लिहिला. पॅकेज कसं बांधावं याचे डेबियन (उबुंटूचं मूळ लिनक्स) आणि उबुंटूचे नियम ते पाळत नाही, आज बसवलं तर उद्याचं अपग्रेड मोडू शकतं आणि आहे त्या स्थितीत ते धोक्याचं आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात मला सगळ्यात बोचलेली गोष्ट म्हणजे ते एपीटी-गेटला, म्हणजे इंटरनेटवरून पॅकेजं आणून बसवणाऱ्या एपीटीच्या आज्ञेला, ‘फोर्स-येस’ लावून कामाला जुंपत होतं.

हे तुला नीट सांगतो, कारण तुझ्या स्क्रिप्टमध्ये त्याचीच धाकटी भावंडं आहेत. एपीटीला नुसतं ‘वाय’ दिलं तर ते प्रत्येक प्रश्नाला हो धरतं, पण प्रकरण खरंच अंगाशी येणारं असेल, म्हणजे सिस्टिमचा जीव असलेलं पॅकेज काढलं जात असेल किंवा सही (मालकाची डिजिटल खूण) नसलेलं पॅकेज येत असेल, तर थांबतं. फोर्स-येस दिलं की तिथेही थांबत नाही. २०२१मध्ये लायनस सेबॅस्टियन या नावाजलेल्या यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर पॉप ओएस या उबुंटूवरच बेतलेल्या लिनक्सवर स्टीम हे गेमचं दुकान बसवायला घेतलं आणि त्याचा अख्खा डेस्कटॉपच उडाला. पॅकेजमध्ये घोळ होता, पण एपीटीने धोक्याची सूचना देऊन त्याच्याकडून ‘हो, मी सांगतो तसंच कर’ अशा अर्थाचं अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करून घेतलं होतं. त्याने ते न वाचता टाइप केलं. माणूस चुकतो, ठीक आहे. पण स्क्रिप्ट लिहिणारा तुझ्या वतीने ते वाक्य आधीच टाइप करून ठेवतो आणि तुला चहाला पाठवतो, याला काय म्हणायचं?

आता कालची हकिकत.

ती ओळ आहे तशी चालवली की इंटरनेटवरून येणारा मजकूर न बघता थेट रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, हातात जातो. त्यामुळे मी आधी ती स्क्रिप्ट फाइल म्हणून उतरवून घेतली आणि वाचली. तीन-साडेतीनशे ओळी होत्या. तुला त्यातलं सगळं कळायची गरज नाही, मलाही कळलं नाही. मी फक्त ठरावीक जागा बघतो. बाहेरच्या रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांची कोठारं, किती जोडतो? तीन पीपीए, म्हणजे कुणाची तरी खाजगी कोठारं, निघाले. लाँचपॅड या उबुंटूवाल्यांच्या साइटवर पीपीए कुणीही उघडू शकतो, आणि त्यातल्या एकाला मालकाने कित्येक वर्षांत हात लावलेला नाही. सहीची किल्ली कुठे ठेवतो? याने ती सगळ्यांच्या सामाईक फोल्डरात टाकली आहे. म्हणजे ती किल्ली फक्त त्याच्या खोलीची न राहता घरातल्या प्रत्येक कुलपाला चालते. ‘स्पीड वाढवा’ या नावाखाली सिस्टिमच्या फाइलीत एक ओळ चिकटवतो आणि स्क्रिप्ट जितक्या वेळा चालवशील तितक्या वेळा तीच ओळ पुन्हा चिकटवतो. काढून टाकायची सोय? नाही. नावालाही नाही.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या त्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, तुझंच मिंट २२.२ बसवलं, स्नॅपशॉट घेतला (मागे जाता यावं म्हणून आहे त्या स्थितीची प्रत), पॅकेजांची यादी एका फाइलीत काढून ठेवली, ईटीसी या सिस्टिमच्या सेटिंगांच्या फोल्डरची प्रत ठेवली आणि स्क्रिप्ट दिली सोडून.

पाच मिनिटांत ती अडली. मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट आणणारं पॅकेज लायसन्सचं पान दाखवतं. टर्मिनलभर मजकूर येतो आणि तळाशी ‘ओके’. तिथे माउस चालत नाही, टॅब दाबून त्या ओकेवर जायचं आणि एंटर मारायचं, हे ज्याला माहीत नाही तो क्लिक करकरून थकतो. चहा पिऊन आलेला माणूस हे बघतो, त्याला वाटतं हँग झालं, तो खिडकी बंद करतो. पॅकेज अर्धवट लटकतं, कुलूप तसंच राहतं. तो स्क्रिप्ट परत चालवतो, आणि आता गंमत बघ, स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच डीपीकेजीच्या कुलपाची फाइल उडवायची ओळ आहे! कमेंटमध्ये कुणीतरी ‘लॉक एरर येतो’ म्हणून रडलं असणार आणि या पठ्ठ्याने कुलूपच फोडून दिलं. वहीत एकावेळी एकानेच लिहावं म्हणून ते कुलूप असतं. दोघे एकदम लिहायला बसले की वहीचं काय होतं हे दुकानदाराला मी काय सांगू.

मी टॅब दाबून पुढे गेलो. शेवटी हिरव्या अक्षरांत ‘अभिनंदन’ आलं. त्यानंतर अपडेट चालवलं तर लगेच एक एरर, अमुक रेपॉझिटरीत रिलीज फाइल (कोठारातल्या मालाची यादी) नाही. कारण साधं आहे. स्क्रिप्ट उबुंटूसाठी लिहिलेली. ती सिस्टिमला तिच्या आवृत्तीचं टोपणनाव विचारते आणि ते रेपॉझिटरीच्या पत्त्यात घालते. उबुंटू २४.०४ने सांगितलं असतं ‘नोबल’. मिंट २२.२ सांगतं ‘झारा’. झारा नावाचं घर त्या गल्लीत नाहीच. म्हणजे हा माणूस जे बसवलं म्हणून अभिनंदन करतोय, त्यातलं एक तर बसलंच नव्हतं. आधीची आणि नंतरची यादी ताडून पाहिली. तू मागितलेल्या चार गोष्टींच्या सोबतीला न मागितलेली वरातच आली होती, दोन गेम लाँचर धरून.

तो मुलगा चोर आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक नाहीच. त्याच्या मशीनवर चाललं म्हणून हौसेने वाटतोय, आणि हौसेचं मला कौतुक आहे. अशा हौशी लोकांमुळेच कंपन्यांना कळलं की लोकांना काय हवंय. उबुंटूने २००७मध्येच ‘रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ नावाचं पॅकेज दिलं, व्हिडिओ उघडला की प्लेअर स्वतःच कोडेक विचारायला लागला, आणि ऑटोमॅटिक्स २००८मध्ये बंद पडलं. त्याचं काम घरच्यांनीच उचललं होतं. तुझ्या यूट्यूबवाल्याला ही बातमी अजून पोचलेली नाही, एवढंच.

कारण तुला हवं ते सगळं मिंटमध्ये घरातच आहे. बसवताना कोडेकची चौकट राहिली असेल तर मेन्यूत साउंड अँड व्हिडिओखाली ‘इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स’ आहे. फॉन्टचं पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घे, लायसन्सला हो म्हण. टर्मिनलमध्ये ते पान आलंच तर टॅब दाबायचा, आता तुला माहीत आहे. मराठी टाइप करायला आयबस हा प्रोग्राम आणि त्याची एम१७एन ही जोड, त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळेल. आणि तुझ्या त्या जुन्या विकतच्या फॉन्टांना तर इन्स्टॉलरच लागत नाही, फाइली होम या तुझ्या स्वतःच्या फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकल्या की झालं.

क्रोम म्हणशील तर तोही बाहेरचाच पाहुणा, आणि तो मी खुशाल बसवतो. त्यांच्या साइटवरची डेब फाइल (एक पॅकेजच) स्वतःची रेपॉझिटरी जोडते, पण मालक कोण ते माहीत आहे, सही आहे, अपडेट येतात आणि काढला की निघतो. वहीत नोंद ठेवून राहतो. फ्लॅटपॅकचंही (कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या पॅकेजांची एक जात) तसंच. फक्त मिंट २२पासून पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक मुळात दाखवतच नाही, ते दाखवायचं बटण तू शोधून काढू नकोस. स्टोअर आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. २०१८मध्ये उबुंटूच्या स्नॅप स्टोअरमधल्या एका साध्या २०४८ खेळाच्या पोटात क्रिप्टोचं खाणकाम सापडलं होतं.

आणखी एक. काहीही करण्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्ट या प्रोग्रामने स्नॅपशॉट घे. मात्र तो सिस्टिमचा असतो, होम फोल्डर तो सहसा धरत नाही. गिऱ्हाइकांच्या पत्रिका वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या.

खरी गोष्ट शेवटी विचारतो. मेसेजमध्ये तू ‘चालवू का’ असं विचारलंयस, पण ‘तिन्ही कॉम्प्युटर’ म्हणता म्हणता खाली एकदा ‘उरलेले दोन’ असं लिहिलंयस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पहिल्यावर चालवून झालं असेल तर लपवू नकोस, मी ओरडणार नाही. ईटीसीमध्ये एपीटी, त्यात सोर्सेस-लिस्ट-डी नावाचं फोल्डर आहे. ते उघड, मोबाइलने फोटो काढ आणि पाठव. तोवर त्या मशीनवर अपडेटचं बटण दाबू नकोस. पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीने येतो, मिंटचा पेनड्राइव्ह घेऊन. वहिनींना सांग, जेवायला आहे.

तुझाच,
खोली नंबर चौदावाला