त्या २८ दिवसांबद्दल

प्रिय आई-बाबा,

रोज फोन लागला की बाबांचं पहिलं वाक्य "आलं का काही?" आणि माझं "नाही", मग दोघंही गप्प. म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच पाठवते. बाबा, आईला तुम्हीच वाचून दाखवा, तिला मोबाइलमध्ये डोळे घालून बसू देऊ नका.

तर नाही आलं. ब्रिटनच्या युनिव्हर्सिटीची ऑफर अ‍ॅक्सेप्ट करून, डिपॉझिट भरून आज ३७ दिवस झाले आणि पोर्टलवर तेच "इन प्रोग्रेस". बाबा, तुम्ही म्हणता अ‍ॅडमिशन झाली ना मग आता कसली वाट बघतेस, तर ऑफर म्हणजे त्यांनी नुसतं "या" म्हटलंय. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी युनिव्हर्सिटीकडून सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का केल्याची खूण, यावा लागतो, कागद वगैरे काही नसतो, अक्षरं आणि आकडे मिळून १४ कॅरेक्टर्सचा एक नंबर असतो, पण तो नसेल तर व्हिसाचा अर्जच करता येत नाही. आणि तो द्यायच्या आधी ते मार्कशीट, पासपोर्ट, बँकेचे कागद सगळं तपासतात, माझा तर व्हिडिओवर इंटरव्ह्यूपण घेतला. त्यांच्याकडच्या मुलांचे व्हिसा फार रिजेक्ट झाले तर बाहेरची मुलं घ्यायचं त्यांचं लायसन्सच धोक्यात येतं, म्हणून ही एवढी छाननी. कळतं मला, पण एक ओळ लिहायला काय जातं यांचं?

त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड. त्यामुळे सव्वा वाजल्यापासून माझं कामात लक्ष नसतं, इनबॉक्स, स्पॅम, परत इनबॉक्स. मागच्या आठवड्यात खरंच त्यांच्या नावाची मेल आली, मीटिंग चालू असताना टेबलाखाली उघडली, तर वेलकम वीकच्या टी-शर्टचा साइझ विचारलेला. मी मीडियम लिहून पाठवलं. नंबर नाही पण टी-शर्ट आहे.

आता खरं जे लिहायचं होतं ते.

बाबा, मी त्या दिवशी तुमच्यावर ओरडले ना. तुमच्या खात्यात फीची उरलेली रक्कम आणि ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस हवा, एक दिवससुद्धा खाली गेला तर मोजणी पहिल्यापासून, हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. मग स्टेटमेंट उघडलं, चार दिवस बॅलन्स खाली, आणि मी थेट फोन लावून "तुम्हाला एवढं साधं कळत नाही का" म्हणाले. तुम्ही फक्त "चुकलंच माझं" म्हणालात.

फोन ठेवल्यावर ती एंट्री परत नीट वाचली. नेत्रालय. त्याच्यावरची ओळ मेडिकलची. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे मला बँकेच्या स्टेटमेंटवरून कळलं! आणि कळल्यावर लगेच फोन करायचा सोडून मी आधी कॅलेंडर उघडून नवे २८ दिवस मोजत बसले. हे मला रोज आठवतं.

तुम्ही का नाही सांगितलं ते माहितीये, मी तिकीट काढून आले असते म्हणून. आई, तू त्या काळ्या चष्म्यात व्हिडिओ कॉलला "ऊन फार आहे गं" म्हणालीस, घरात बसून, रात्री आठ वाजता, आणि मी ते ऐकून पुढे माझंच रडगाणं चालू ठेवलं.

तर बाबा, नीट ऐका. १४ जुलैला पैसे परत पूर्ण झाले, म्हणजे १० ऑगस्टला २८ दिवस भरतात, मग त्या दिवसापर्यंतचं स्टेटमेंट काढायचं आणि त्यानंतर ३१ दिवसांच्या आत अर्ज. नंबर अजून आलेलाच नाहीये, त्यामुळे तुमच्यामुळे एक दिवसही वाया गेलेला नाही. व्हिसाला साधारण ३ आठवडे धरले तरी कोर्स सुरू व्हायच्या, म्हणजे २१ सप्टेंबरच्या आत बसतं. पैसे तुमच्या खात्यातले म्हणून लागणाऱ्या संमतीपत्रावर तुमची सही झालीच आहे, आणि नातं दाखवायला लागणाऱ्या माझ्या जन्मदाखल्यावर नावाच्या जागी नुसतं "मुलगी" होतं ते तुम्ही दोन खेपा घालून नीट करून आणलंत, त्याचं थँक्यूसुद्धा राहिलंय माझं.

आता मुख्य. आईला ड्रॉप्स, तपासणी, दुसरा डोळा, जे लागेल ते लगेच करायचं. त्या खात्याला हात लावायला नको म्हणून मी काल तुमच्या पेन्शनच्या खात्यात पैसे टाकलेत, परत पाठवू नका. आणि तरी कमी पडले तर त्या खात्यातून काढा, मी परत २८ मोजेन, नाहीच जमलं तर पुढच्या इनटेकला जाईन, ते डिफर करून देतात का ते विचारून ठेवलंय. अर्थात त्याचंही उत्तर आलेलं नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय, रविवारी दिवसभर आहे. आई, चष्मा लपवू नकोस.

तुमची,
मुलगी (दाखल्यावर आता नाव असलेली)