वासराच्या वाट्यानंतरचा चीक

लिंशॉपिंग, स्वीडन
१९ मे

तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी तू "खरवस जमला का?" असे विचारलेस आणि मी तोंड उघडण्याआधीच तुझ्या नातीने फोन हिसकावून घेतला, त्यामुळे उत्तर राहूनच गेले. एका वाक्यात देण्यासारखे ते नव्हतेही. पहिला खरवस पार बिघडला, दुसरा जमला, आणि पहिला का बिघडला हे दुसरा करायला घेतल्यावर कळले, म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

इथे आल्यापासून मी खरवसाच्या नावाखाली काय करत होतो ते तुला ठाऊकच आहे. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, त्याच डब्याने मोजून तेवढेच दूध आणि तेवढेच दही, आणि सगळे एकत्र घुसळून वाफवायचे. त्याच्या वड्या छान पडतात आणि पाहुणे वाखाणतातही, पण कामावरच्या एका बंगाली मित्राने पहिला घास घेताच "हे तर आमचे भापा दोई" असे सांगितले, आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. चायनाग्रासच्या प्रकाराबद्दल तर बोलायलाच नको. तो जिभेवर विरघळत नाही, नुसता तुटतो.

खऱ्या चिकाचा पत्ता लागला तो एका शब्दाच्या घोळातून. स्वीडिश भाषेत 'रो' म्हणजे कच्चे आणि 'म्योल्क' म्हणजे दूध, म्हणून दुकानातल्या फ्रीजरमध्ये 'रोम्योल्क' असे लिहिलेली बाटली दिसली तेव्हा ते न तापवलेले दूध असावे असे समजून मी पुढे गेलो होतो. मागाहून शेजाऱ्यांकडून कळले की रोम्योल्क म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक, आणि त्यापासून इथे 'काल्वदान्स' नावाचा पदार्थ करतात. शब्दशः 'वासराचा नाच'. ताटलीत तो थरथरतो म्हणून हे नाव पडले असावे असे मला वाटते. चिकात थोडी साखर आणि चिमूटभर मीठ घालून ते भांडे पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये शिजवतात आणि वर दालचिनी किंवा रासबेरीचा जॅम घेऊन खातात. फिनलंड आणि आइसलंडमध्येही याची भावंडे आहेत. खरवस हा घाट उतरल्याशिवाय मिळत नाही अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती, ती अशी मोडली.

पहिल्यांदा आणलेली बाटली अर्ध्या लिटरची होती. गाय कधी व्याली, हा चीक कितव्या धारेचा, यातले काहीही तिच्यावर लिहिलेले नव्हते आणि कोणाला विचारावे हे मलाही सुचले नाही. त्यात घाई. गोठलेला चीक मी मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, तर मधला गोळा बर्फच राहिला आणि कडेकडेचा चीक तिथेच थिजून त्याच्या चिंध्या झाल्या. त्या गाळून, "चांगल्या चिकात दुप्पट दूध सहज मुरते" हे तुझे वाक्य आठवून दुप्पट दूध ओतले, गूळ घातला आणि कुकरची शिटी काढून वीस मिनिटे वाफवले. झाकण उघडले तर वर गुळाचे पाणी आणि तळाशी बोटभर सायीसारखा थर. आणखी पंधरा मिनिटांनीही त्यात काही फरक पडला नाही. शेवटी ते सगळे आटवून आम्ही दोन दिवस पोळीशी खाल्ले आणि त्याला नाव द्यायचे टाळले.

या महिन्याच्या सुरुवातीला आम्ही शहराबाहेर वीसेक किलोमीटरवर असलेल्या एका गोठ्यात गेलो. उन्हाळ्यात दुभत्या गाईंना चरायला बाहेर सोडलेच पाहिजे असा इथे कायदा आहे, आणि हिवाळाभर आत राहिलेल्या गाई ज्या दिवशी प्रथम बाहेर पडतात त्या दिवशी गावोगावचे लोक मुलाबाळांसह ते पाहायला जमतात, अगदी आपल्याकडच्या जत्रेसारखे. सहाशे किलोची गाय शेपटी वर करून चारी पायांवर उड्या मारते, हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

गोठ्याच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या आहेत. त्यांना मी माझी फजिती सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की चीक कितव्या धारेचा होता. तो दुसऱ्या दिवसाचा असणार, असा त्यांचा अंदाज. घरी येऊन मी आकडे पाहिले तेव्हा सारा उलगडा झाला. पहिल्या धारेच्या चिकात शंभर भागांत सुमारे १४ भाग प्रथिने असतात, दुसऱ्या धारेला ती ८ वर येतात, तिसऱ्या धारेला ५ वर, आणि नेहमीच्या दुधात जेमतेम ३. शिवाय ही प्रथिने एकाच जातीची नसतात. दुधातली मुख्य प्रथिने कितीही उकळली तरी थिजत नाहीत, म्हणूनच दूध उतू जाते पण त्याची वडी होत नाही. चिकात मात्र वासराला रोगांपासून वाचवणारी प्रथिने भरपूर असतात आणि ती अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे उष्णतेने घट्ट होतात. (अंड्याची उपमा दिली म्हणून रागावू नकोस, याहून जवळची मला सापडली नाही.) त्यामुळे धार जसजशी पुढची, तसतसे चिकाचे बळ कमी, आणि त्यात घालायचे दूधही कमी.

वासराला त्याचा वाटा मिळाल्यावर उरेल तेवढाच चीक त्या बाई विकतात. जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच वासराच्या पोटात तीन-चार लिटर चीक जावा लागतो, कारण दिवसभरानंतर त्याचे आतडे ती प्रथिने जशीच्या तशी आत घेत नाही. आजी वासराला पोटभर पाजल्याशिवाय चिकाचे भांडे घरात येऊ देत नसे, आणि आम्ही मुले त्यावरून कुरकुर करायचो, ते त्या गोठ्यात उभे असताना आठवले.

आणखी एक गोष्ट आठवली, आणि तिच्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. खरवस लावण्याआधी तू नेहमी एका वाटीत थोडेसे मिश्रण घेऊन ते भाताच्या वाफेवर ठेवायचीस. आम्हांला चव मिळावी म्हणून तू ते करतेस असे मी इतकी वर्षे समजत होतो. ती परीक्षा होती, हे तू कधी सांगितले नाहीस आणि मीही कधी विचारले नाही.

या खेपेला बाईंनी पहिल्या धारेचा अर्धा लिटर चीक दिला. लोण्यासारखा पिवळा, आणि ओतताना काकवीसारखी तार धरणारा. तो रात्रभर फ्रीजमध्ये सावकाश वितळू दिला. सकाळी तीन वाट्या लावल्या: एकीत चिकाइतकेच दूध, दुसरीत दीडपट, तिसरीत दुप्पट. पहिली इतकी चिवट झाली की दाताखाली कुरकुरली, तिसरी चमच्यावर ठरेना, आणि मधली बरोबर. म्हणून अर्धा लिटर चिकाला पाऊण लिटर दूध घेतले. पाव किलो गूळ त्या दुधात न तापवता विरघळवून गाळला, कारण गुळात काडीकचरा निघतोच. वेलची इथे कोठेही मिळते. गोड पावात हे लोक ती आपल्यापेक्षा सढळ हाताने घालतात. जायफळही घातले. केशर डिसेंबरातल्या लुसियाच्या सणासाठी अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत विकतात आणि माझ्याकडे एक पुडी उरलेली होती, पण गुळाच्या खरवसात केशर म्हणजे नुसता डौल, असे माझे मत आहे.

डब्यावर ताटली झाकली, म्हणजे वाफेचे पाणी वर ठिबकत नाही, आणि आच अगदी मंद ठेवली. मोठ्या आचेवर खरवसाला भोके पडतात आणि त्यातून पाणी सुटते. अर्ध्या तासाने सुरी घालून पाहिली, ती स्वच्छ निघाली. तरी लगेच बाहेर काढला नाही. कुकरमध्येच निवू दिला आणि मग कापला. वड्यांना फिकट खारकेचा रंग आला होता. तुझ्या नातीने चार खाल्ल्या आणि पाचवी दप्तरात लपवली.

दुसऱ्या दिवशी एक डबा मालकीणबाईंना नेऊन दिला. गुळाचा वास त्यांना नवा होता. हा जॅमशिवायही चालेल, असे त्या म्हणाल्या, आणि इथल्या माणसाच्या तोंडी ही मोठी स्तुती. डबा परत आला तो रुबार्बच्या तांबूस, आंबटढाण देठांनी भरून. कैरी नाही म्हणून मी त्यांचा मेथांबा केला. फार वाईट झाला नाही, पण रुबार्ब कैरीसारखा फोडी धरून राहत नाही, लगेच विरघळतो.

आता फ्रीजरमध्ये दुसऱ्या धारेच्या चिकाच्या दोन बाटल्या आहेत, आणि या वेळी त्यांवर मी तारीख व धार लिहून घेतली आहे. माझ्या हिशेबाने त्यात चिकाच्या निम्मेच दूध मुरेल. वाट्या लावून बघणारच आहे, पण तुझा अंदाज काय ते कळव. आजी तळाशी हळदीचे पान घालायची ते खरवसातच की नुसत्या पातोळ्यांत, हेही मला नीट आठवत नाही. त्याबद्दल दोन ओळी लिही.

बाबांना साष्टांग नमस्कार सांग, आणि त्यांना साखरेचा खरवस करून घालू नकोस.

तुझा,
बाळू