दोन पाटांवर तीन पाहुणे

दादा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं उघड लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "बाई, तेवढे सुट्टे द्या" म्हणून विषयच बदलता. दोनदा हे झालं. तिसऱ्यांदा आले तर तुमच्या छपाई-झेरॉक्सच्या दुकानात नवरात्राच्या फ्लेक्सवाल्यांची ही गर्दी. तुमचं डोकं मॉनिटरमागे बुडालेलं. मी दारातूनच परत फिरले. आता सगळ्यांदेखत लिहिते, म्हणजे तुम्हाला थांबवता येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगते, आभार कशाचे ते. मी तुळजापूर तालुक्यातल्या एका शाळेत संगीत शिकवते. यंदा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, मुलांसाठी एक गाणं बांधलं होतं. सुरुवात गोंधळाच्या चालीची, पुढे सरळ केरवा तालात कूच करणारं. दरवर्षी पेटी आणि ढोलकीवर भागतं. यंदा मात्र गावातले हवालदार काका मदतीला आले. लष्कराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी दोन वर्षं खपून शाळेतल्या सहा पोरांना ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट शिकवलंय, तेही त्यांच्या शिस्तीनं, समोर कागद ठेवून. मी त्यांना चाल म्हणून दाखवली, सारेगम लिहून दिली. त्यांनी वही हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बाई, हे मला मोडीसारखं आहे. पाच रेघांवर द्या."

झालं. पाच रेघा म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी. ती मला वाचता येते, अडखळत का होईना. लिहिण्यासाठी शाळेच्या कॉम्प्युटरवर म्युझस्कोर घेतलं, ही स्वरलिपी लिहायचा प्रोग्रॅम. ते फुकट मिळतं, आणि शाळेला परवडणारी किंमत तेवढीच. पहिल्या आठ ओळी बिनबोभाट उतरल्या. मग आलं "गगनी गगनी गगनी". एकेका मात्रेत तीन-तीन अक्षरं, साधी तिगुन. दुसरीतल्या पोरीसुद्धा टाळी देऊन म्हणतात. कॉम्प्युटरला काही केल्या म्हणता येईना.

माझी चूक काय होत होती ते आज कळतं, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्यासारखे आणखी कुणी असतील.

भातखंडे पद्धतीत, म्हणजे आपल्या सारेगमच्या लिपीत, लिहायला शिकलेल्या माणसाला तिगुन लिहिणं ही अडचण वाटतच नाही. तीन स्वर शेजारी लिहायचे, खाली चंद्रकोर काढायची. चंद्रकोरीच्या पोटात जे काही असेल ते एका मात्रेचं. दोन लिहा, तीन लिहा, पाच लिहा, मात्रा तेवढीच राहते. पाच रेघांच्या लिपीत प्रत्येक स्वर आपली लांबी स्वतःच्या अंगावर घेऊन येतो. क्वार्टर नोट म्हणजे माझी एक मात्रा धरली तर एट्थ नोट अर्ध्या मात्रेची. मी एका मात्रेत तीन एट्थ नोटा कोंबत होते. तीन अर्ध्या म्हणजे दीड. कॉम्प्युटर ती दीड मात्रा इमानदारीनं मांडत होता, आणि पुढचं सगळं गाणं अर्ध्या मात्रेनं सरकत होतं. (काका क्वार्टरला क्रॉचेट म्हणतात आणि एट्थला क्वेव्हर. वस्तू एकच. पण त्या नावांच्या गोंधळात माझी एक आख्खी संध्याकाळ गेली.)

मग कुणीतरी सांगितलं, कंट्रोल धरून तीन दाबा, तीनचा आकडा येतो. मी त्या एट्थ नोटेवर गेले आणि दाबलं. आकडा आला. पण त्या एका नोटेचेच तीन बारीक तुकडे झाले: पहिल्यात माझा स्वर, उरलेल्या दोघांत विराम. चिडून त्या तीनच्या आकड्यावर क्लिक केलं आणि डिलीट दाबलं. वाटलं आकडा जाईल आणि नोटा राहतील. तिन्ही गेल्या. आकडा पुसला की त्याच्याखालचा सगळा संसार जातो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी मी तुमच्याकडे आले ते खरं तर "कोऱ्या पाच रेघा छापून द्या, मी हातानं लिहिते" एवढंच सांगायला. तुम्ही एका लग्नपत्रिकेवर नवरदेवाच्या आत्याचं नाव तिसऱ्यांदा दुरुस्त करत होतात. माझा कागद पाहिलात आणि विचारलंत, "बाई, कशाला हातानं? काय अडायलंय?" मला काय माहीत, लग्नसराईत बँडपार्टीवाल्यांचे कागद तुम्हीच काढून देता म्हणून. तुमच्या घरात संबळ आहे, वडील आजही गोंधळाला उभे राहतात, हे तर त्याहून उशिरा कळलं.

मी काय करतेय ते दाखवलं. तुम्ही पाहिलंत आणि हसलात. "बाई, तुम्ही आधी माणसं बोलवायलात आन् मग सतरंजी हुडकायलात. आधी सतरंजी अंथरा. पाहुणे किती ते मागून."

बाकी कुणी मला बटण सांगितलं होतं. तुम्ही प्रश्न विचारलात: तीन स्वर, पण किती जागेत? एका मात्रेत ना? मग आधी ती एक मात्रा, म्हणजे क्वार्टर निवडायची, आणि मग कंट्रोल-तीन. सतरंजी एका मात्रेची, तिच्यावर माणसं तीन. प्रोग्रॅम आपोआप तीन एट्थ नोटांची जागा आखून देतो, वर तीनचा आकडा मांडतो, तुम्ही फक्त स्वर भरत जायचे. पाच रेघांच्या लिपीत याचा अर्थ इतकाच, की जिथे एरवी दोन एट्थ बसतात तिथे तीन बसवल्यात. "दोन पाटांवर तीन पाहुणे," तुम्ही म्हणालात, "जरा सरकून बसत्यात, पर जेवत्यात."

एन दाबायचं, पाच दाबायचं, कंट्रोल-तीन, मग स्वर. (एननं स्वर लिहिणं सुरू होतं, पाच म्हणजे क्वार्टर आणि चार म्हणजे एट्थ. हे आकडे ठरवणाऱ्यानं काय पाहून ठरवले देव जाणे, पण बोटांना सवय होते.) "गगनी गगनी गगनी" चार मिनिटांत उतरलं. मी तीन दिवस घालवले होते.

आणि मग मला जे सुचलं ते सुचायला तुमची सतरंजीच कारण. मी विचारलं, "क्वार्टरऐवजी दोन मात्रांची हाफ नोट निवडली आणि तेच कंट्रोल-तीन दाबलं तर?" तुम्ही खुर्ची माझ्याकडे सरकवलीत. दाबलं. दोन मात्रांत तीन स्वर. म्हणजे आड! तबल्याच्या क्लासात दीडपट म्हणून हातावर घोटून घेतलेली आड लय, पडद्यावर एका आकड्याखाली शहाण्यासारखी बसलेली. मग चार मात्रांची होल नोट आणि कंट्रोल-पाच: चारांत पाच, आमची कुआड. कंट्रोल-सात: चारांत सात, बिआड. पंचवीस वर्षं ज्या गोष्टी तोंडानं म्हणत आले त्या सगळ्या त्या अर्ध्या तासात एका ओळीत आल्या. तुम्हाला ही नावं माहीत नव्हती, मला बटणं माहीत नव्हती. लाइट गेली तेव्हा आपण दोघं टेबलावर बोटांनी आड वाजवत बसलो होतो आणि झेरॉक्सला आलेला एक मुलगा आपल्याकडे बघत उभा होता, हे आठवून अजून हसू येतं.

खरी परीक्षा पुढे होती. गाण्याच्या शेवटी "मुक्तीचा" हा शब्द मी आडीत टाकला होता. तीन अक्षरं, दोन मात्रा. गंमत अशी की पहिली मात्रा बारच्या (पाच रेघांवरच्या एका खान्याच्या) शेवटी येते आणि दुसरी पुढच्या बारच्या सुरुवातीला. मधे बारची उभी रेघ, ती बरोबर "क्ती"च्या पोटातून जाते. गाताना काही कळत नाही, उलट तिथेच मजा आहे. पण प्रोग्रॅम ऐकेना. तीनच्या आकड्याखालची एकच तिकडी दोन बारांत पसरू देत नाही.

मी म्हटलं, चाल बदलते. त्यावर तुम्ही चक्क रागावलात. "चाल कशाला बदलायलात? कागदासाठी का?" आणि एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या मागे पेनानं रेघा ओढल्यात. तो कागद माझ्या पाकिटात आहे. दोन मात्रांचे सहा बारीक भाग, प्रत्येक मात्रेत तीन. "मु"ला दोन, "क्ती"ला दोन, "चा"ला दोन. आता रेघ मधे ओढा. अलीकडच्या मात्रेत "मु"चे दोन आणि "क्ती"चा एक, पलीकडच्या मात्रेत "क्ती"चा उरलेला एक आणि "चा"चे दोन. म्हणजे एक मोठी तिकडी पसरायचीच नाही. एका-एका मात्रेच्या दोन छोट्या तिकड्या करायच्या. पहिलीत लांब-आखूड, दुसरीत आखूड-लांब, आणि मधल्या दोन आखूड स्वरांना टी दाबून टायच्या कमानीनं जोडायचं. कमानीनं जोडले की दोन्ही मिळून एकच स्वर वाजतो. "मधल्या पाहुण्याचा एक गुडघा या पंगतीत, एक त्या पंगतीत," तुम्ही म्हणालात. हवालदार काकांनी तो बार पाहून काय केलं माहीत आहे? चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पहिल्याच फटक्यात वाजवला.

गोंधळाच्या भागाचंही ऋण आहेच. मी तो चार-चारात, म्हणजे एका बारात चार क्वार्टर धरून, लिहून प्रत्येक मात्रेवर तीनचा आकडा चढवत चालले होते. कागदावर नुसत्या मुंग्या. तुम्ही म्हणालात, सगळीच पंगत तिघा-तिघांची असेल तर पाटच तीन-तीन मांडा की. म्हणजे बारा-आठ, एका बारात बारा एट्थ. टिंब देऊन दीडपट केलेली क्वार्टर ही मात्रा, तिच्यात तीन एट्थ आपसूक मावतात, आकडा एकही लागत नाही. चुकून कुठे दोन सारखे स्वर आले तरच कंट्रोल-दोन. केरव्याचा भाग परत चार-चारात. दोन्ही ठिकाणी मात्रेचा वेग एकच राहायला हवा, पण वाजवून पाहिलं तर आमचा संबळ एकदम म्हातारा झाला. मी क्वार्टरला ९६ चा वेग दिला होता. बारा-आठात मात्रा दीडपट लांब, म्हणून मिनिटाला ६४ च पडत होत्या. टिंबाच्या क्वार्टरला वेगळे ९६ लिहिले तेव्हा संबळाला जीव आला.

तरी तो अगदी संबळ नव्हताच. तुम्ही कानाला हेडफोन लावून ऐकलंत आणि मान हलवलीत. लांब-आखूड म्हणजे कागदावर दोनास एक. तुमच्या वडिलांचा हात त्याच्या किंचित अलीकडे पडतो, आणि रात्र चढेल तसा आणखी सरकतो. त्याला आकडा नाही. तुम्ही म्हणालात, "हे लिहू नका. काकांना एकदा आमच्या घरी घेऊन या." मी घेऊन आले. वडिलांनी संबळ काढला, वाकड्या काडीनं दहा मिनिटं वाजवला, काका भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिले. जाताना त्यांनी माझ्याकडून कागद घेतला आणि त्या पानावर पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: "जरा मागे ओढून". त्या चहाचे आभार वहिनींना वेगळे.

एक बारीकसं सांगायचं राहिलं. गाण्याची पट्टी पेटीची काळी दोन होती, ती काळी पाच घ्या हे तुम्हीच सुचवलंत. पेटीची काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, आणि काकांचा ट्रम्पेट बी फ्लॅटचाच, म्हणजे कागदावर सी लिहिला की वाजतो बी फ्लॅट, म्हणून त्याच्या कागदावर एकही शार्प-फ्लॅट न येता सगळं सरळ सी मेजरमध्ये येतं. क्लॅरिनेटचंही तसंच. पोरींनाही ती पट्टी गळ्यात बसली. माझ्या डोक्यात हे आलंच नसतं.

१७ तारखेला सकाळी झेंडावंदनानंतर गाणं झालं. साइड ड्रमचा पोरगा "गगनी"ला एक मात्रा आधी आत शिरला, पण तिसऱ्या "गगनी"ला सापडला. "मुक्तीचा" वर सहाही पोरं एकत्र पडली. सरपंचांनी गाणं परत म्हणायला लावलं, आणि दुसऱ्यांदा साइड ड्रमसुद्धा चुकला नाही. तुम्ही यायला हवं होतं. दुकान बंद ठेवता येत नाही, माहीत आहे.

चार संध्याकाळी तुम्ही मला दिल्यात. त्यांचे पैसे विचारले तर चौदा पानांचे अठ्ठावीस रुपये घेतलेत, तेही मी बळेच टेबलावर ठेवले म्हणून.

आता गरजेचं. २६ जानेवारीसाठी दीपचंदीत काहीतरी बांधायचं डोक्यात आहे, चौदा मात्रा, तीन-चार-तीन-चार. त्याला सतरंजी कोणती अंथरायची हे विचारायला दसरा झाला की येते. आणि माझा निळा पेनड्राइव्ह तुमच्याकडेच राहिलाय, बहुतेक पत्रिकांच्या नमुन्यांच्या खोक्यात. तेवढा बाजूला काढून ठेवा.

तुमच्या,
संगीताच्या बाई