फोन करणाऱ्या शेजारणीचे काही प्रश्न

मा. संपादक,
स. न.

नवऱ्याच्या मारहाणीत एखादी बाई गेली की बातमीच्या शेवटी हमखास एक वाक्य असतं: शेजाऱ्यांनी वेळीच कळवलं असतं तर ती वाचली असती. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी मी अशी कळवणारी शेजारीण आहे. कळवल्यावर काय होतं, ते लिहिते. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम बदलले आहेत, कारण पेपर तिचा मारणारा नवराही वाचतो.

शेजारच्या त्या तरुण सुनेच्या घराशी आमची भिंतीला भिंत आहे. मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे आवाज कानावर येण्याआधीच मला दिसलं होतं. माप घेताना हात वर करायला सांगितला की कळतं, बाई लाजून अंग चोरते की दुखतंय म्हणून. आमच्याकडच्या उन्हाळ्यात एखादी तरुण पोरगी मनगटापर्यंत बाही मागायला लागली की शिवणारीनं काय समजायचं ते समजावं. पुढे रात्रीचे आवाज सुरू झाले, आणि मी 112 ला फोन केला.

गाडी लवकर आली, हे आधी सांगते. पण अंगणात उभं राहून साहेबांनी मोठ्यानं विचारलं, "फोन कुणी केला होता?" गल्लीतल्या सगळ्यांनी माझ्या दाराकडे पाहिलं. मग तिला बाहेर बोलावलं. एका बाजूला नवरा, मागे चौकटीत सासू, आणि प्रश्न काय, तर "तुमची काही तक्रार आहे का?" ती म्हणाली, "काही नाही साहेब, मोरीत पाय घसरला." तक्रार नाही म्हणून लिहून घेतलं, गाडी गेली. नंतर पुन्हा फोन केला तेव्हाही थोड्याफार फरकानं हेच. दरम्यान तिचं माझ्याकडे येणं बंद झालं, मोबाइल नवऱ्यानं काढून घेतला, आणि सासू मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायला लागली, "लोकायला आपलं घर दिसत नाही." गल्लीचं मत ठरलेलंच: नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं मधी पडू नये. माझ्या मुलाला वेगळीच धास्ती. उद्या त्यानं आपल्यावरच केस केली तर?

तेव्हा मी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जाऊन विचारलं. भारतीय न्याय संहितेचं 85 वं कलम (पूर्वीचं 498अ) नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेसाठी आहे. पण त्याखाली पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा, तर सांगणारी ती स्वतः हवी, नाहीतर तिच्या रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तक नात्याचं माणूस हवं. शेजारीण त्यात बसत नाही. तिचे भाऊ-भावजया दसरा झाला की कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असताना उसाचा फड सोडून बहिणीसाठी ठाण्यात कोण येणार? आमच्या भागातल्या कितीतरी लेकींची माहेरं अर्धं वर्ष अशी कुलूपबंद असतात. कायद्याच्या पुस्तकात नातेवाईक असतो, तो त्या वेळी कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असतो.

शेजाऱ्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, असा प्रकार घडला, घडतोय किंवा घडेल असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी नाही की फौजदारी नाही, कसलीच जबाबदारी येत नाही. हे मी मुलाला वाचून दाखवलं. बाका प्रसंग असेल तर नुसता फोनही चालतो; त्या अधिकाऱ्यानं पोलिसांना सोबत घेऊन जागेवर जायचं, घटनेचा अहवाल करायचा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. हा अधिकारी आमच्या तालुक्यासाठी कोण आणि बसतो कुठे, हे शोधण्यात मात्र माझ्या चपला झिजल्या. एका कचेरीनं दुसरी दाखवली, दुसरीनं पुन्हा पहिली.

एवढं हाती आल्यावरही खरा प्रश्न उरलाच होता. तिला नको असताना आपण कळवत राहायचं का? लोक म्हणतात, तिलाच नको तर तुला काय पडलंय. याउलट शिकलेल्या मैत्रिणी म्हणतात, दर वेळी कळव, तिचं ऐकू नकोस. मला दोन्ही पटत नव्हतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी देशभरात जेमतेम 14 टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितली होती. म्हणजे अंगणातल्या "काही नाही साहेब"ला मी तिची मर्जी मानणार नाही. पण पोलिस गेल्यावर दाराआड काय होतं, ते तिलाच माहीत असतं. मार खाणार ती, म्हणून हिशेबही तिचाच धरला पाहिजे.

मग एकदा संधी साधून तिलाच विचारलं. ती म्हणाली, "काकू, पोलिस येऊन गेले की मला लई महागात पडायलंय. तुम्ही आपल्या मनानं फोन नका करत जाऊ. मी सांगीन तव्हा करा." मी कबूल झाले, पण एक गोष्ट तिला तोंडावर सांगितली. गळ्याला हात गेला, रॉकेल-काडीची भाषा झाली किंवा लेकरावर हात उगारला गेला, तर मी तुला विचारायला थांबणार नाही. गळा दाबणारा माणूस पुढे जीव घेऊ शकतो, हे पोलिस आणि डॉक्टर दोघंही जाणतात. ती काही बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तिनं मला कसं कळवायचं याची एक खूण ठरली आहे. ती इथे लिहीत नाही.

तर मी कळवणं सोडलेलं नाही. आता तिच्या सांगण्यानं कळवते, आणि ऐकलं-पाहिलं त्याची तारीख-वेळ वहीत टिपून ठेवते. उद्या ती कोर्टात उभी राहिली तर उपयोगी पडेल. इतरांनाही सुचवते: आधार, रेशनकार्ड, पासबुक, लेकरांचे दाखले यांच्या झेरॉक्स अशा बाईला आपल्या घरी ठेवू द्या. नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क तिला याच कायद्यानं दिलाय, वकील विधी सेवेतून फुकट मिळतो, मग तिची कमाई कितीही असो. "जाशील कुठं?" हा सासरचा हुकमी प्रश्न, त्याला निदान कागदावर तरी उत्तर आहे, हे तिच्या कानावर कुणीतरी घालायला हवं.

खरं तर ते घालायचं काम पोलिसांचं आहे. अशी खबर मिळाली की बाईला तिचे हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत वकील यांची माहिती देणं त्याच कायद्याच्या पाचव्या कलमानं त्यांच्यावर बंधनकारक केलंय. "तक्रार आहे का" एवढं विचारून हे कलम कसं पाळलं जातं? महिला पोलिसानं तिला आत, एकटीला, दार लोटून विचारावं आणि फोन कुणी केला याची अंगणात वाच्यता करू नये. यासाठी ना नवीन कायदा लागतो, ना निधी. महिला पोलिसांच्या दामिनी पथकाचे फोटो पेपरात छापून येतात, चांगली गोष्ट आहे. त्या पथकातली एखादी ताई या गाडीबरोबर आली तर आणखी चांगलं.

आपल्याला एक विनंती आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले संरक्षण अधिकारी तालुकावार कोण, कुठे बसतात आणि त्यांचा कचेरीचा फोन काय, ही यादी आपल्या बातमीदारांकडून मिळवून छापावी. जिथे पद रिकामं असेल तिथे "रिक्त" असंच छापावं. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 लोकांना आता पाठ झालेत, ही यादी कुणाकडेच नाही. दसऱ्याच्या आधी छापलीत तर बरं, कारण त्यानंतर टोळ्या निघतात.

माझं नाव व गाव छापू नये.

आपली,
एक वाचक, मराठवाडा