सात बॅगा, आठ बॅगा

नागपूर

तीर्थरूप बाबा व आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही दोनदा "हो, हो" म्हणता आणि फोन आईच्या हाती देता, म्हणून हे पत्र. चष्मा लावून सावकाश वाचा.

परवा आई रडवेली झाली होती. म्हणे, बाबांच्या डोक्यात आता काही राहत नाही. दादाने खताच्या सात बॅगा सांगितल्या, तुम्ही आठ आणल्या. नातवाने रात्री शाळेचं काही सांगितलं, सकाळी तुम्हाला ते ठाऊकच नव्हतं. आई, तुझ्या पोटात गोळा का आला ते मला कळतं. आजीचं शेवटचं सगळं तू केलंस, आणि ती तुलाच विचारायची, "तू कोणाची वं?"

पण पोळ्याला मी चार दिवस होते, तेव्हा मी बाबांकडे नीट पाहिलं. तोरणाखाली कोणीतरी विचारलं, "काका, जोडी केवढ्याची?" बाबा म्हणाले, "यंदा सोयाबीन बरं आहे." पोट्टे हसले. बाबाही हसले, पण बैलाची झूल काढायचं निमित्त करून लगेच घरी आले. नंतरच्या दिवसांत पारावर गेले नाहीत. संध्याकाळी ओसरीत एकटे, समोर टीव्ही, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.

आई, बाबा विसरत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही. जे कानात शिरलंच नाही ते लक्षात राहील कुठून?

वय झालं, वर्षानुवर्षं थ्रेशरजवळ उभं राहिलं, की आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. आधी जातो तो बारीक, उंच आवाज. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं त्यातलीच. 'सात'मधला 'स' गळला की काय उरतं, तुम्हीच म्हणून पाहा. बायकांचा आणि लेकरांचा आवाजही बारीक. तू नेहमी म्हणतेस, "सरपंचाचं बरोबर ऐकू येते, माझंच येत नाही." त्यात बाबांचा काही दोष नाही गं.

आता बाबा, तुमच्यासाठी महत्त्वाचं. ऐकू न येणं कानापुरतं राहत नाही. अर्धवट शब्द जुळवता जुळवता मेंदू थकतो, माणूस चारचौघांतून उठून जातो, आणि बोलणं-ऐकणं थांबलं की मेंदूचं कामच कमी होतं. स्मृतिभ्रंशावर अभ्यास करणाऱ्या, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या आयोगाने 2024 साली 14 कारणं मांडली, ज्यांवर काही करता येतं. ती सगळी आवरली तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात सगळ्यात मोठा वाटा असलेल्या कारणांत कमी ऐकू येणं आहे.

कानाचं मशीन लावलं की सगळं ठीक होईल, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या सुमारे हजार लोकांवर तीन वर्षं चाचणी झाली, 2023 साली निकाल आला. सगळे मिळून पाहिले तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात ज्यांच्या कानाची नीट काळजी घेतली, मशीन दिलं, त्यांची बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. तुम्हाला दहा वर्षांपासून बीपी आहे. मी तुम्हाला त्या जास्त धोका असलेल्या लोकांतच धरते.

बाजारातून आणलेलं ते शिट्टी मारणारं डबडं देवळीत पडलंय, ते मला माहीत आहे. त्याने तुमचा विश्वास उडाला, साहजिकच आहे. पण ते कान न तपासता घेतलं होतं. नीट तपासणीत बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. कोणता आवाज किती गेला ते कागदावर उमटतं आणि मशीन त्याप्रमाणे बसवतात. कदाचित नुसता मळही निघेल. सवय व्हायला काही आठवडे लागतात. आधी घरात आईशी बोलायचं, पारावर मग.

आई, तू म्हणालीस, मी चौथी शिकलेली, माझंही असंच होणार. कमी शिक्षण त्या 14 कारणांत आहे, हे खरं. पण हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले, 2013 साली ते छापून आलं. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. तू वावरात कोलामी बायांशी त्यांच्या भाषेत बोलतेस, बाजारात हिंदी, घरी आपली वऱ्हाडी. बाबा तर पैनगंगेपलीकडे आदिलाबादला कापूस न्यायचे तेव्हा अडत्याला तेलुगूत "बागुन्नारा?", म्हणजे "बरे आहात ना?", म्हणत गाडीवरून उतरायचे. मी लहानपणी तो शब्द महिनाभर घोकत होते. हे सगळं चालू ठेवा. त्यासाठीच कान हवेत.

बाकीचं थोडक्यात. बीपीची गोळी "आता नॉर्मल आलं" म्हणून सोडू नका, गोळीमुळेच नॉर्मल आलंय. आई, आंघोळीचं पाणी चुलीवर तापवतेस तो धूर सोड, मी हीटर आणते. दोघंही माळकरी, मांस-मासे खात नाही, म्हणून रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व तपासून घेऊ. ते कमी पडलं तरी विसरायला होतं, आणि त्यावर औषध आहे. बाबा, खर्ऱ्याचं समोर बसून बोलू.

शुक्रवारी रात्री मी येते. शनिवारी सकाळच्या एसटीने तिघं यवतमाळला जाऊ, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू. कापसाचा वेचा दादा-वहिनी पाहतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. आई, तोवर बाबांशी मागून बोलू नकोस, समोर ये, टीव्ही बंद कर, ओरडू नकोस, सावकाश बोल. ओरडलं की शब्द आणखी फाटतो.

आणि बाबा, जोडीचा भाव काय होता, ते मलाही अजून कळलं नाही. आल्यावर सांगा.

तुमची,
बेबी