वणव्याचं काय करायचं ते होंडुरासच्या डोंगरात बघून आलो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी लागला की तुमच्या पेपरात वणव्याच्या बातम्या सुरू होतात, कुठं आंब्याची बाग गेली कुठं गोठा जळाला, आणि पाऊस पडला की सगळे विसरतात. आमची काजूची साठ कलमं दोन वर्षांमागं मार्चात गेली. वेंगुर्ला-४ जातीची होती, बाबांनी पऱ्ह्यातून हंड्यानं पाणी नेऊन जगवलेली. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, आग उतरली आणि अर्ध्या तासात सगळं काळं. पंचनामा झाला, पुढं काही नाही.

त्यानंतर मी व्हॉलंटिअर म्हणून काही महिने मध्य अमेरिकेत होतो. आधी ग्वाटेमाला, मग होंडुरास, तिथं अमेरिकेतल्या जुन्या स्कूलबस रंगवून चालवतात, त्यातून जायचं आणि रस्ता संपला की पिकअपच्या हौद्यात उभं राहायचं. असं करत लेम्पिरा जिल्ह्यात पोचलो, एल साल्वाडोरच्या सीमेला लागून. डोंगर आपल्यापेक्षा उभे, चार-सहा महिने पाऊस नाही, शेती मका आणि घेवड्याची. हे लोकसुद्धा पिढ्यानपिढ्या पेरणीआधी रान जाळायचे, आपण भाजावळ करतो तसंच.

१९९० नंतर त्यांनी जाळणं सोडलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची माणसं मदतीला होती, पण मूळ पद्धत गावकऱ्यांचीच, केसुंग्वाल या गावावरून तिला नाव पडलं. झाडं तोडायची नाहीत, वरून छाटायची, पाला-फांद्या तिथंच पसरायच्या आणि टोकदार काठीनं भोक पाडून त्यातच बी टोकायचं. बस. १९९८ ला मिच वादळ आलं, होंडुरासमध्ये हजारो माणसं गेली, डोंगरच्या डोंगर खाली आले, पण असं झाकलेल्या शेतांची माती बरीच टिकली.

मी ज्यांच्याकडं राहायचो त्या बाईंना सगळे दोन्या म्हणायचे, म्हणजे आपल्याकडं काकी म्हणतात तसंच. मार्च महिना, बाहेर धूळ उडतेय, आणि काकींनी शेतातला पाला हातानं बाजूला करून माझा हात खाली लावला तर माती ओली, गार, त्यात गांडूळ. मला तिथं आमचा जळका सडा आठवला आणि खरं सांगतो, रडायलाच आलं.

आता कोणी म्हणेल आपलं भात वेगळं. वेगळं आहेच, पण राब, म्हणजे रोपांची जागा, न भाजता गादीवाफ्यावर तरवा, म्हणजे भाताची रोपं, चांगला होतो, आम्ही यंदा केला. आणि बांधावरचं गिरीपुष्प मूळचं तिकडचंच आहे, तिकडं त्याला कोकोची आई म्हणतात कारण त्याच्या सावलीत कोको वाढतो, त्याचा पाला आपल्याकडं भरपूर मिळतो, तो शेतात घाला की. शिकारीसाठी, नवं गवत यावं म्हणून आग लावणारे कोण ते प्रत्येक वाडीला माहीत असतं, फक्त बोलत कोणी नाही. तिकडं गावानं बसून ठरवलं, न जाळण्याचं, आणि एकमेकांवर लक्ष ठेवलं, वरून हुकूम यायची वाट बघितली नाही.

माझी विनंती एवढीच, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं हा विषय घ्यावा आणि गवत पूर्ण सुकायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेले पट्टे, काढाव्यात, आणि तुम्हीही बातमी आग लागल्यावर न छापता आत्ताच छापावी. आमच्या वाडीनं येत्या रविवारी सकाळी सातला सड्याच्या बाजूनं सुरुवात करायचं ठरवलंय. शेजारच्या वाडीतल्यांनी कोयते घेऊन यावं, चहा-नाश्ता आमच्याकडं.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. गुहागर, जि. रत्नागिरी