भानुदासमामांचं दुकान

चि. सागरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलास, तेव्हापासून तुझी आई धड जेवलेली नाही. तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. आरक्षणावर मी वाद घालणार नाही. दोन एकर कोरडवाहूवर तुझी फी कशी भरली ते मलाच माहीत, आणि उपोषणाच्या मंडपातलं तुझं भाषण मी चारदा ऐकलं. ऊर भरून आला. पण ‘त्यांच्या दुकानातून किराणा आणायचा नाही’ हे तू घरात बोललास. भानुदासमामांचं दुकान, सागर. तुझ्या बारशाचं सामान तिथूनच उधारीवर आलं होतं.

१९७८ साली मी औरंगाबादला बी.ए.ला होतो. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आम्ही नामांतराच्या विरोधात मोर्चे काढले. बाबासाहेबांशी वैर नाही, मराठवाड्याची अस्मिता, असं म्हणायचो. कित्येकांना ते मनापासून वाटायचं. निजामाशी लढलेले गोविंदभाई श्रॉफ विरोधात होते. त्यांना जातीयवादी म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. पण त्याच मोर्चात माझ्यामागची पोरं जातीवरून घोषणा देत होती. मी मागे वळून पाहिलं नाही. मग गावोगावच्या दलितवस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा खून झाला. माझ्या खोलीतल्या मित्राला निरोप आला, घर राहिलं नाही. त्याची ट्रंक मी स्टँडपर्यंत उचलू लागलो, तर त्याने हात लावू दिला नाही.

मी काडी लावली नव्हती. हे मी स्वतःला किती वर्षं सांगितलं असेल. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, तेव्हा मी विद्यापीठाच्या गेटपाशी गर्दीत त्याला शोधत उभा होतो.

मंडपातले सगळे सारखे नसतात, मला कळतं. कुणी हक्क मागायला येतो, कुणी जुना राग काढायला. तुमच्या ग्रुपवर घाण लिहिणाऱ्याला तू अडवतोस का, एवढंच सांग. पुन्हा व्याख्यान झालं. राग धरू नकोस. पण अडवतोस का?

काल साखर तोलताना भानुदासने विचारलं, ‘सागर पुण्याला नीट पोचला का?’ मी हो म्हणालो. तुझं बोलणं त्याच्या कानावर गेलंय का, ते विचारायचा धीर झाला नाही.

फोन कर. माझ्याशी नको बोलूस, आईशी बोल.

तुझा,
अण्णा